ल्युसर्नचा रविवार आणि रिकामा डबा

आधी नळाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

आम्ही कुवेतमध्ये महबूलाला राहतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची टाकी गच्चीवर इतकी तापते की निळा नळ सोडला तर हात भाजतो. मग सगळे काय करतात, तर मे महिन्यात गीझर बंद करून टाकतात. गीझर घरात असतो, एसीत, त्यामुळे त्यातलं पाणी जरा निवतं. म्हणजे उन्हाळाभर गार पाणी लाल नळाला आणि गरम पाणी निळ्या नळाला. मी जन्मल्यापासून हेच बघतेय. मला यात काही विचित्र आहे हे सुद्धा माहीत नव्हतं.

तर ल्युसर्नच्या हॉटेलात रविवारी सकाळी बाबांनी तोंड धुवायला लाल नळ सोडला आणि त्यांची बोटं चांगलीच पोळली. बाहेर येऊन म्हणाले, "यांचा गीझर चालू आहे. जूनमध्ये." अगदी तक्रारीच्या सुरात. आई म्हणाली, "अहो, इथे थंडी आहे." बाबा म्हणाले, "ते कळतंय, पण जून आहे ना." आणि मी खरं सांगते, त्या क्षणी मलाही ते पटलं होतं. आमच्या तिघांची डोकी कुवेतलाच राहिली होती आणि नुसती अंगं तिकडे गेली होती.

आम्ही तिथे गेलो होतो ताईसाठी. माझी मोठी बहीण ल्युसर्नला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तिला तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचंय. बाबांचं म्हणणं होतं, मुलगा बरा आहे, बघू. आईने मात्र हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आणि ताईने एकदा फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई मनापासून हो म्हणेपर्यंत मी तारीख ठरवणार नाही. नुसतं 'तुमचं तुम्ही बघा' मला चालणार नाही." म्हणजे सगळं आईवर येऊन थांबलेलं. आणि रविवारी दुपारी त्याच्या आईने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. त्याला वडील नाहीत, आईच आहे. आई मला म्हणाली होती, "मुलाला काय बघायचं, मुलं सगळी सारखीच गोड बोलतात. घर बघितलं की कळतं." तेव्हा सगळी भिस्त त्या जेवणावर.

ताईने निघायच्या आधी बजावलं होतं, त्यांच्यासाठी काही आणू नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. आई "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "तसं म्हणतातच गं. रिकाम्या हाताने कुणी जातं का सोयरिकीच्या घरी? तिकडे गेल्यावर फळं घेऊ, फुलं घेऊ, काहीतरी छानसं घेऊ."

आता बाबांचा प्लॅन ऐका. बाबा मीना अब्दुल्ला भागातल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहेत, त्यांना सगळं आखून लागतं. शुक्रवारी पोचायचं आणि आराम करायचा, कारण शुक्रवार, आमच्याकडचा सुट्टीचा दिवस. शनिवारी बोट आणि फिरणं. आणि खरेदी रविवारी सकाळी. मी विचारलं, शनिवारीच का नाही घ्यायचं? तर म्हणाले, "शनिवारी सुट्टी, दुकानांत ही गर्दी असेल. रविवारी लोक कामाला जातील, आपण निवांत घेऊ." मला काय, आईला काय, कुणालाच यात खोट दिसली नाही. आमच्याकडे रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, शाळेचा, ऑफिसचा, कंटाळ्याचा. रविवारचा कंटाळा माझ्या हाडात आहे. हे ज्ञान फक्त कुवेतवाल्यांनाच असतं आणि कुवेतबाहेर त्याचा उपयोग शून्य.

शनिवारी ताईची ड्युटी होती, म्हणून आम्ही तिघंच फिरलो. ती असती तर तिने सांगितलं असतं. पण नव्हती.

शनिवार मस्त गेला, एवढंच की काही कळत नव्हतं. तळं आहे की समुद्र तेच कळेना, कारण पलीकडचा किनारा डोंगराआड वळून जातो आणि पाण्याला वास नाही. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून समुद्र दिसतो, पाणी म्हटलं की त्याला खारट, दमट वास हवाच. आईने बोटीवर दोनदा हुंगून बघितलं. लोक उन्हात लोळत होते, मुद्दाम, पैसे देऊन घेतलेल्या खुर्च्यांवर. आम्ही तिघं सावली शोधत बोटीच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि कुडकुडत बसलो. मग परत उन्हात आलो. मग परत सावलीत, कारण सवय. बाबा म्हणाले, "भूक लागलीय." आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. महबूलाच्या किचनमध्ये केलेले बेसनाचे लाडू. बाबांना बाहेरचं खाणं सोसत नाही म्हणून आई कुठेही जाताना तो डबा नेतेच. तो तिच्या लग्नातला आहे, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं माहेरचं नाव कोरलेलं आहे. डोंगर बघत आम्ही लाडू खाल्ले. बरेच खाल्ले. ते नंतर नडलं.

रात्री, म्हणजे घड्याळात रात्र होती, पण उजेड होता. जेवायची वेळ कळेना. आई म्हणत होती दिवेलागणीला देवाला नमस्कार करून मग जेवू, आणि दिवेलागण काही होईचना.

तर रविवार. नळ वगैरे झालं. आई अंजिरी रंगाची साडी नेसली, वर ताईने आणून दिलेलं जाकीट. आम्ही जुन्या गावात शिरलो. दगडी गल्ल्या, भिंतींवर चित्रं काढलेली घरं, चौकात कारंजं, आणि माणूस नाही. दुकानं सगळी बंद. काचेआड सामान मांडलेलं, आत दिवे, दाराला कुलूप. बाबांनी एक दार ढकलून बघितलं. मग दुसरं. मग म्हणाले, "लवकर आलो वाटतं." आम्ही एक चक्कर मारून आलो. तरी बंद.

"कुणी गेलं का इथलं?" आईने दबक्या आवाजात विचारलं. "मोठं कुणी?"

सगळीकडे घंटा वाजत होत्या, त्यामुळे मलाही तसंच वाटायला लागलं.

"संप असेल," बाबा म्हणाले.

मी फोनवर बघितलं. म्हटलं, "बाबा, आज रविवार आहे."

"मग? तेच तर."

"बाबा, यांची सुट्टी रविवारी असते."

बाबांनी आणखी एक दार ढकलून बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही हो. ते सातारचे आहेत, त्यांचं अर्धं आयुष्य रविवारच्या सुट्टीत गेलंय. पण वीस-बावीस वर्षांत ते कुठेतरी पुसलंच गेलं. आई काही बोलली नाही. ती रागावली की बोलते. बोलत नाही तेव्हा जास्त असतं.

तळ्याकडच्या बाजूला एक-दोन दुकानं उघडी होती, टुरिस्टांची. तिथे घड्याळं, चाकू, आणि गाईच्या गळ्यातल्या घंटा. बाबांनी एक घंटा उचलून वाजवली. "ही घेऊ या का?"

"त्यांच्याच गावची घंटा त्यांनाच?" आई म्हणाली. "आणि विहिणीला गाईची घंटा? अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चाकू?"

"चाकू म्हणे."

स्टेशनच्या तळघरात फुलं, फळं, चॉकलेट, सगळं रविवारीही उघडं असतं, हे आम्हाला सोमवारी कळलं. आम्ही स्टेशनसमोरून दोनदा गेलो होतो.

शेवटी एका बाकावर बसून आईने डबा उघडला. अर्ध्याहून कमी लाडू. तिने तळाला टिश्यू कोंबले, लाडू वरच्या बाजूला नीट गोल रचले, झाकण लावलं, रुमालाने पुसलं. "दुसरं काय आहे आपल्याकडे," म्हणाली. मी म्हटलं, "आई, छान दिसतंय." ती म्हणाली, "उगाच बोलू नकोस."

ताई आम्हाला लाकडी पुलावर भेटणार होती. तिने सांगितलं होतं, "वर छप्पर असलेला जुना लाकडी पूल आहे, आत छताला जुनी चित्रं आहेत, चुकूच शकत नाही." आम्ही गेलो. नदी, जुना लाकडी पूल, छप्पर, छताला तिकोनी चित्रं. सगळं बरोबर. ताई नाही. गावातल्या कुठल्यातरी मनोऱ्यावरचं घड्याळ वाजलं आणि ते थांबल्यावर दुसरं वाजायला लागलं, मग तिसरं. आई घाबरली. "किती वाजले नक्की? उशीर झाला का?" आता मला माहितीय, तिथलं सगळ्यात जुनं घड्याळ बाकीच्यांच्या आधी वाजतं, त्याला तसा मान आहे म्हणे. तेव्हा मला वाटलं माझा फोनच चुकतोय.

मग आईने वर बघितलं. मीही बघितलं. पहिल्या चित्रात एक सांगाडा. बरं, असेल एखादं. पुढच्या चित्रात सांगाडा एका नटलेल्या बाईचा हात धरून उभा. पुढच्यात राजाबरोबर. त्याच्या पुढच्यात, मी शप्पथ सांगते, नवरीशेजारी. पूलभर सांगाडे.

आई म्हणाली, "अहो, चला इथून."

"अगं, ती इथेच येणार आहे."

"शुभ कामाला निघालोय आपण. याच्याखाली उभं राहायचं?"

बाबांनी मान वर करून चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "रंग मात्र टिकलेत."

तेवढ्यात ताईचा फोन. आम्ही पुलावर आहोत म्हटलं. ती म्हणाली मीपण पुलावर आहे. मी म्हटलं, इथे तू नाहीयेस. ती म्हणाली, इथे तुम्ही नाहीयात. असं बराच वेळ चाललं. मग तिने विचारलं, "वर सांगाडे आहेत का?" मी हो म्हटलं. "थांबा तिथेच," ती म्हणाली. त्या गावात तसे दोन पूल आहेत. चुकूच शकत नाही म्हणे.

ताई पळत आली, मागून तो आला. शुक्रवारी स्टेशनवर तो आम्हाला भेटला होता, सगळ्या बॅगा त्यानेच उचलल्या होत्या. उंच, लाजरा, हसला की कान लाल होतात. त्याने आईला हात जोडून "नमस्कार" केलं. आईने सांगाड्याखालीच "नमस्कार बेटा" म्हटलं आणि झपाझप चालायला लागली.

त्याच्या आई एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. बारीक, केस पांढरे, कापलेले, पायात लोकरीच्या चपला. त्यांनी दारातच आईच्या गालाला गाल लावला, एकदा, मग दुसऱ्या बाजूला, आई मागे सरकली, तर तिसऱ्यांदाही. बाबांनी ते बघितलं आणि लांबूनच हात जोडले, अगदी छातीशी घट्ट, ढालीसारखे.

जेवायला ब्रेड होता, चार तऱ्हांचं चीज, काकडी, उकडलेले बटाटे, आणि जर्दाळूचा एक मोठा केक, तो त्यांनी स्वतः केला होता. मला सगळं भारी आवडलं. पण मी आईचा चेहरा बघत होते. तो वाचता येईना. ती गोंधळली की तिचं अरबी सुटतं. दुकानदाराशी बोलायची सवय, समोरचा परका माणूस दिसला की जिभेवर तेच येतं. वाढलं की थँक्यूऐवजी "शुक्रन" म्हणायची. त्या आणखी वाढायला लागल्या की ताटावर हात धरून "खलास, खलास". त्या बाई मुलाकडे बघायच्या, मुलगा ताईकडे, ताई छताकडे.

आईने डबा दिला. म्हणाली, "होम मेड. स्मॉल थिंग." त्यांनी झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले, एक लाडू तिथेच खाल्ला आणि खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं, झालं, जिंकलो. मग त्यांनी झाकणावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. विचारलं, हे काय लिहिलंय? ताईने सांगितलं, आईचं नाव, लग्नाआधीचं. त्यांनी मान हलवली, डबा घेऊन उठल्या आणि आत गेल्या. आतून पाण्याचा आवाज. परत आल्या तेव्हा लाडू काचेच्या बाऊलमध्ये होते, आणि डबा धुतलेला, पुसलेला, चकचकीत. तो त्यांनी दोन्ही हातांनी आईच्या हातात दिला.

रिकामा.

टिश्यूसुद्धा घडी करून बाजूला ठेवले होते.

आता तुम्हाला हे सांगायला नकोच. आमच्या मजल्यावर शेजारच्या काकूंकडून डबा आला तर तो आमच्याकडे चार दिवस तरी राहतो, आणि परत जाताना त्यात काहीतरी असतं. अगदीच काही नसलं तर साखर. रिकामा डबा परत देत नाहीत. आणि त्याच पावली तर नाहीच. त्याच पावली धुऊन हातात दिला याचा अर्थ काय, हे आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती हसून "शुक्रन" म्हणाली. मला रडायलाच आलं.

नंतर आम्ही चौघं तळ्याकाठी चालत होतो. तो त्याच्या आईजवळ घरीच थांबला होता. हंस होते, पांढऱ्या बोटी, समोर बर्फाचे डोंगर, आणि आईच्या पिशवीत डब्याचं झाकण दर पावलाला खडखडत होतं.

बाबांनी विचारलं, "मग, ठरलं का?"

"काय ठरायचं होतं?" ताई म्हणाली. "जेवायला बोलावलं होतं, जेवलो."

"म्हणजे त्या काही बोलल्या नाहीत?"

"काय बोलणार बाबा? मी कुणाशी लग्न करू हे त्या कशाला बोलतील? इथे तसं नसतं."

"त्या बोलल्या," आई म्हणाली. "डबा दिला की परत."

ताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती जागच्या जागी थांबली. "आई. डब्यावरून? इथे भांडं स्वच्छ करून देणं चांगलं मानतात."

"डब्यावरून नाही गं." आईचा आवाज अगदी हळू होता. "आपण डबा ठेवून घेतो ना, तेव्हा परत येणं-जाणं होणार असतं. त्यांना काही राहू द्यायचं नाहीये आपलं घरात. चांगल्या आहेत त्या. पण हिशोब मिटवला त्यांनी."

"मग तुझं काय?" ताई म्हणाली. "तुझं उत्तर?"

आई तळ्याकडे बघत म्हणाली, "कळवते."

स्वतःच्या मुलीला. 'कळवते.' ताई पुढे निघून गेली. बाबा मला म्हणाले, "तू फोटो काढ ना जरा," आणि मी काढले. त्या फोटोंत सगळं इतकं सुंदर दिसतं की मैत्रिणी अजून विचारतात, ट्रिप कशी झाली. मला कळत नाही काय सांगू.

महबूलाला परत आल्यावर डबा फ्रिजवर पालथा पडून राहिला. आई त्यात काही भरेना. ताई दर शुक्रवारी फोन करायची, हवेविषयी बोलायची. मला वाटायचं आईला समजावावं, पण काय समजावणार, मलाच समजत नव्हतं कोण बरोबर आहे. शिवाय मीही त्यांच्या जागी असते तर डबा धुऊनच दिला असता बहुतेक. मग मी आमची की त्यांची? यावर मी फार विचार केला नाही, कारण परीक्षा होती.

थंडीत ताई सुट्टीला आली. दहा दिवस दोघी सगळ्या विषयांवर बोलल्या, तो एक सोडून. ती निघायच्या आदल्या दुपारी घरभर बेसन भाजल्याचा वास. आईने डबा फ्रिजवरून काढला होता. या वेळी काठोकाठ भरला, टिश्यूबिश्यू नाही. ताईच्या बॅगेत ठेवत म्हणाली, "त्यांना दे. आणि तू काही शिकवून ठेवू नकोस त्यांना. काही म्हणजे काही नाही."

ताईने खरंच सांगितलं नाही. मी विचारलं तिला, तिने शपथ घेतली.

मग एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर व्हिडिओ कॉल आला. ताईच्या नंबरवरून, पण समोर त्या बाई. शेजारी ताई, मागे तो. त्यांनी हातातला डबा स्क्रीनसमोर धरला. एवढा जवळ की आम्हाला नुसतं आईचं नावच दिसत होतं.

त्या सावकाश इंग्लिशमध्ये बोलायला लागल्या, बहुधा पाठ करून. मी इथे मराठीत सांगते. म्हणाल्या, "यावर तुमचं नाव आहे. लग्नाआधीचं. मला वाटलं, ही फार मोलाची वस्तू आहे, माझ्याकडून हरवली तर? म्हणून मी लगेच परत दिली. आता ती पुन्हा माझ्याकडे आली आहे. मी हिला विचारलं, ही म्हणते तुम्हालाच विचारा. माझं काही चुकलं का? मी गेले दोन आठवडे हा डबा टेबलावर ठेवून बघते आहे. मला काही कळत नाही."

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला, तो आधीच बंद होता.

आईने पदर सारखा केला. "नो, नो," म्हणाली. "यू कीप."

"ठेवू? किती दिवस?"

"यू कीप. देन यू कम. देन यू ब्रिंग."

"तिकडे? कुवेतला? मी?" त्यांनी मुलाकडे बघितलं. त्याचे कान लाल. "आणि त्यात काय आणायचं?"

"एनीथिंग," आई म्हणाली. "नॉट एम्प्टी."

"साखरसुद्धा चालते," मी मधेच ओरडले, आणि आईने मला कोपर मारलं.

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, जर्दाळूचा जॅम? आई म्हणाली, जॅम गुड. मग विचारलं, कधी येऊ?

ताई हनुवटीवर मूठ टेकून थेट कॅमेऱ्यात बघत होती, म्हणजे आईकडे.

आईने बाबांकडे वळून विचारलं, "अहो, मार्चमध्ये हवा कशी असते आपल्याकडे?"

"मार्चला धूळ सुरू होते," बाबा म्हणाले. "फेब्रुवारी बरा. शेवटचा आठवडा, सुट्ट्याही असतात."

"फेब्रुवारी," आई स्क्रीनकडे बघून म्हणाली. मग मराठीतच, ताईला, "त्यांना सांग, तेव्हा गीझर चालू असतो आमचा. लाल नळाला गरमच पाणी येतं, भाजून घेऊ नका म्हणावं. आणि तू येताना साडीवरचा मापाचा ब्लाउज घेऊन ये तुझा, शिंप्याला द्यायला."

"कशाला ब्लाउज?" ताईने विचारलं.

"कळेल," आई म्हणाली.